प्लगइन अपडेट केलं, पण गेलेल्या फाइलचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या संस्थेची वर्डप्रेस साइट आहे. होस्टिंगवाल्यांची मेल आली की तुमच्या कॅशिंग प्लगइनमध्ये (पानांच्या तयार प्रती ठेवून साइट वेगवान करणारं जोड-सॉफ्टवेअर) 'फाइल डिस्क्लोजर' त्रुटी आहे, म्हणजे परक्यांना फाइली वाचता येतात, ताबडतोब अपडेट करा. प्रश्नकर्त्यांनी त्याच संध्याकाळी अपडेट केलं, साइट व्यवस्थित चालू आहे. आता ते विचारतात: एवढं पुरे का? डब्ल्यूपी-कॉन्फिग (साइटचे पासवर्ड आणि गुप्त कळा असलेली फाइल) कोणी वाचून नेली असेल तर ते कळतं का? आणि हे प्लगइनच काढून टाकू का?

एवढं पुरे नाही. साइटच्या पहिल्या पानावर कोणी भलतीच जाहिरात लावली तर निदान दिसतं तरी. फाइल नुसती वाचली गेली असेल तर काहीच दिसत नाही. मूळ फाइल जागच्या जागी, तारीख तीच, आकार तोच. अपडेटने पुढची चोरी थांबते, झालेली परत येत नाही. तुमच्या बाबतीत ती झाली का, हे शोधायचं तर आधी त्रुटी कोणत्या जातीची आहे ते बघावं लागेल. मेलमध्ये दोन्ही जातींना 'फाइल डिस्क्लोजर' हे एकच नाव असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिल्या जातीत प्लगइन मागेल ती फाइल वाचून देतं. दुसऱ्या जातीत प्लगइन काही वाचून देत नाही, ते स्वतःच एक फाइल तयार करून चव्हाट्यावर ठेवतं आणि विसरून जातं.

पहिल्या जातीचं माझ्या मते सगळ्यात शिकवणारं उदाहरण डब्ल्यू३ टोटल कॅशमधलं. या प्लगइनच्या 'पब' फोल्डरात एसएनएस.पीएचपी नावाची फाइल होती. एसएनएस ही अ‍ॅमेझॉनची निरोप पोहोचवणारी सेवा. एकाच साइटचे पाच-सात सर्व्हर असतील तर एकावरची कॅश साफ झाली की बाकीच्यांना कळवायचं, एवढ्यासाठी ती फाइल. एसएनएसची रीत अशी की नवी जोडणी करताना अ‍ॅमेझॉन आधी एक पत्ता पाठवतं आणि तुमच्या सर्व्हरने तो उघडला की जोडणी पक्की झाली. एसएनएस.पीएचपीने हे काम इमानेइतबारे केलं. निरोप खरंच अ‍ॅमेझॉनचा आहे का, एवढं मात्र विचारलं नाही. अशा प्रत्येक निरोपावर डिजिटल सही असते आणि ती तपासूनच पुढे जायचं असतं. ती तपासलीच जात नसल्यामुळे कोणीही, लॉगिन न करता, तसाच बनावट निरोप पाठवू शकत होतं. आणि त्यातला पत्ता 'एचटीटीपी'ने सुरू होण्याऐवजी 'फाइल'ने सुरू होणारा असला, की सर्व्हर बाहेर कुठे न जाता आपल्याच डिस्कवरची फाइल उघडून तिचा मजकूर उत्तरात देऊन मोकळा. ही त्रुटी ०.९.४च्या आधीच्या आवृत्त्यांत होती. तिचा सीव्हीई क्रमांक (जाहीर त्रुटींना मिळणारा जागतिक नोंदणी क्रमांक) सीव्हीई-२०१९-६७१५. क्रमांक मिळाला तोवर दुरुस्त आवृत्ती येऊन काही वर्षं उलटली होती, आणि तरीही जुन्या आवृत्तीवर बसलेल्या साइट होत्याच.

यात कोणी '../' वगैरे खेळ केलेला नाही, हे लक्षात घ्या. बहुतेकांना वाटतं की फाइल चोरायची म्हणजे पत्त्यात दोन टिंबं घालून वरच्या फोल्डरात चढायचं. तेही होतं, आणि त्यावरचे उपाय कसे फसतात ते २०१७मध्ये डब्ल्यूपी रॉकेटच्या २.९.३ आवृत्तीत दिसलं. तिथे दोन टिंबं दिसली की ती छाटून टाकायची, अशी काळजी घेतलेली होती. हल्लेखोराने टिंबांच्या मध्ये शून्य-बाइट (डोळ्यांना न दिसणारं रिकामं अक्षर) घातली. चाळणी फसली आणि वरच्या फोल्डरात चढायची वाट पुन्हा उघडी झाली. वाईट अक्षरं छाटत बसण्याचा मार्ग असा नेहमी कुठेतरी फुटतो. फाइलचा खरा, पूर्ण उलगडलेला मार्ग काढायचा आणि तो आपल्या ठरलेल्या फोल्डराच्या आत पडतो का हे बघायचं, हे बरोबर. त्याहून बरं म्हणजे ज्या फाइली द्यायच्या त्यांची यादीच आधी करून ठेवायची आणि यादीत नसेल ते देणार नाही म्हणायचं.

आता दुसरी जात. तुमच्या मेलमधली त्रुटी याच जातीची असेल असा माझा अंदाज आहे, कारण अलीकडची मोठी प्रकरणं हीच.

२४ डिसेंबर २०१२. जेसन डोनेनफेल्ड (पुढे वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर लिहिणारे तेच) यांनी जाहीर केलं की डब्ल्यू३ टोटल कॅश डेटाबेसची कॅश डब्ल्यूपी-कंटेंटच्या आतच, डीबीकॅश नावाच्या फोल्डरात, ब्राउझरने उघडता येईल अशा जागी ठेवतं. डेटाबेस कॅश म्हणजे काय? 'क्रमांक १च्या वापरकर्त्याची सगळी माहिती दे' अशी क्वेरी एकदा चालली की तिचं उत्तर फाइलमध्ये लिहून ठेवायचं, पुन्हा डेटाबेसला त्रास नको. त्या उत्तरात पासवर्डचा हॅशही (त्याचं सांकेतिक रूप) असतो. सर्व्हरवर फोल्डरची यादी दाखवणं चालू असेल तर मग काय, दुकान उघडंच. पण डोनेनफेल्ड यांच्या शोधातला खरा झणझणीत भाग वेगळा होता. यादी बंद असली तरी फाइलची नावं ओळखता येत होती. नाव तयार व्हायचं क्वेरीच्या मजकुराच्या एमडी५वरून (एमडी५ म्हणजे मजकुरापासून ठरावीक लांबीचं सांकेतिक रूप काढायची रीत; मजकूर तोच तर रूपही तेच), आणि वर्डप्रेस कोणती क्वेरी चालवतं हे जगाला माहीत आहे. साइटचं नाव, टेबलचं नेहमीचं उपपद, वापरकर्ता क्रमांक १, २, ३… गणित करा, पत्ता तयार. त्यांनी ते करणारी छोटी स्क्रिप्टही दिली होती. ०.९.२.५मध्ये हे दुरुस्त झालं.

एमडी५ केलं म्हणजे नाव गुप्त झालं, हा समज आजही मला नव्या मुलांच्या कोडमध्ये सापडतो. ज्याचं एमडी५ काढलं तेच जर ओळखता येत असेल तर नाव नुसतं लांबलचक होतं, गुप्त होत नाही.

मग २०२४. लाइटस्पीड कॅश, ५० लाखांहून अधिक साइटवर बसवलेलं. त्यात डीबग करण्याची, म्हणजे बिघाड शोधायला सगळं लिहून ठेवण्याची, सोय आहे. ती चालू केली की प्रत्येक विनंतीची नोंद डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या डीबग.लॉगमध्ये पडायची. नोंदीत सर्व्हरने पाठवलेले हेडर आले, आणि त्यात कोणी लॉगिन केलं असेल तर त्याची ताजी कुकीही (लॉगिन झाल्याची ब्राउझरातली खूण) आली. डीबग.लॉग हे नाव, ही जागा, दोन्ही ठरलेली. काही ओळखायचीही गरज नाही. फाइल उतरवा, कुकी उचला, आपल्या ब्राउझरात चिकटवा, तुम्ही त्या साइटचे अ‍ॅडमिन. पासवर्ड फोडायचे कष्ट नाहीत, दोन टप्प्यांचं लॉगिन असेल तर तेही आडवं येत नाही, कारण ती पायरी खऱ्या अ‍ॅडमिनने आधीच ओलांडलेली असते. पॅचस्टॅक या सुरक्षा कंपनीच्या रफी मुहम्मद यांनी ते शोधलं, क्रमांक सीव्हीई-२०२४-४४०००, दुरुस्ती ४ सप्टेंबर २०२४ला ६.५.०.१मध्ये. नव्या आवृत्तीत लॉग वेगळ्या फोल्डरात गेला, नावात यादृच्छिक अक्षरं आली आणि कुकीची नोंद बंद झाली.

यातली मेख बघा. डीबग आज बंद आहे म्हणून तुम्ही सुटलात असं नाही. दोन वर्षांपूर्वी साइट हळू चालते म्हणून कोणी अर्धा दिवस ते चालू केलं असेल आणि फाइल पुसली नसेल, तर ती तिथेच पडून आहे. अपडेटने नवा लॉग नव्या जागी लिहिला जाईल. जुना लॉग तुम्ही हाताने पुसल्याशिवाय जात नाही, असंच धरून चाला. काही महिन्यांतच डब्ल्यू३ टोटल कॅशच्या २.८.१पर्यंतच्या आवृत्त्यांतही डीबगचा लॉग उघड्यावर असल्याचं नोंदलं गेलं, सीव्हीई-२०२४-१२००८. २०१२मध्ये ज्या प्लगइनने हाच धडा जाहीरपणे घेतला होता, त्याच प्लगइनमध्ये.

कॅशिंग प्लगइनांच्याच वाट्याला हे वारंवार का येतं? एक कारण रचनेतच आहे. वर्डप्रेस पूर्ण जागं होण्याआधी पान देऊन टाकायचं, हेच त्यांचं काम. त्यासाठी अ‍ॅडव्हान्स्ड-कॅश.पीएचपी नावाची फाइल अगदी सुरुवातीला चालते. त्या क्षणी समोरचा माणूस कोण, त्याला काय अधिकार, हे सांगणारी वर्डप्रेसची यंत्रणा अजून उठलेलीच नसते. वेगासाठी पहारेकरी झोपलेला असतानाच व्यवहार उरकायचा, असा हा मामला. दुसरं असं की कॅश म्हणजे प्रत. मूळ गोष्ट डेटाबेसमध्ये पासवर्डमागे होती. तिची प्रत फाइल झाली आणि फाइलला कुलूप लावायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

लावलेलं कुलूपही कधीकधी नुसतं चित्रातलं असतं. प्लगइनवाले बहुतेकदा फोल्डरात एक एचटीअ‍ॅक्सेस फाइल ठेवतात, 'बाहेरून कोणाला देऊ नका' अशी. अपाचे हे सर्व्हर-सॉफ्टवेअर ती पाळतं. एनजिनएक्स हे दुसरं, ते ती वाचतही नाही. ओपनलाइटस्पीड हे तिसरं, ते तिच्यातले फक्त रीराइटचे (पत्ता वळवण्याचे) नियम घेतं, बाकीचे सोडून देतं. माझ्या हातून हे झालेलं आहे: काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाची साइट अपाचेवरून एनजिनएक्सवर नेली, साइट पळायला लागली, ग्राहक खूश. तीन महिन्यांनी लॉग चाळताना दिसलं की कॅशच्या फोल्डरातल्या फाइली बाहेरचा एक बॉट निवांत उतरवून नेतोय. एचटीअ‍ॅक्सेस जागेवर होती, अक्षर न अक्षर बरोबर. ती वाचणारं कोणी नव्हतं. त्या फाइलींत सुदैवाने सार्वजनिक पानांच्याच प्रती होत्या. तेव्हापासून कॉन्फिगमध्ये नियम लिहिला म्हणजे झालं यावर मी विश्वास ठेवत नाही. बाहेरून, लॉगिन नसलेल्या ब्राउझरातून किंवा मोबाइलच्या डेटावरून तो पत्ता स्वतः उघडून बघतो.

आता तुमच्याकडे काय करायचं. आधी मेलमधला सीव्हीई क्रमांक बघा आणि तुमची जुनी आवृत्ती त्यात बसत होती का ते ताडा. होस्टिंगवाल्यांच्या मेल यंत्राने जातात. कधीकधी वर्षापूर्वीच अपडेट झालेल्या साइटलाही येतात.

नंतर लॉग, आणि हे आजच. शेअर्ड होस्टिंगवर अ‍ॅक्सेस लॉग अनेकदा थोडेच दिवस राहतो, मग फिरून पुसला जातो. सीपॅनलमध्ये (होस्टिंगच्या नियंत्रण-पानावर) 'रॉ अ‍ॅक्सेस' असेल तर आधी उतरवून आपल्या संगणकावर ठेवा, वाचणं नंतर. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस सांभाळायचे असतात आणि ठरावीक प्रकारच्या घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. तेव्हा होस्टिंगवाले 'लॉग नाहीत' म्हणाले तर हे नम्रपणे सांगून पुन्हा विचारायला हरकत नाही.

लॉगमध्ये डीबग.लॉग, डीबीकॅश, एसएनएस.पीएचपी आणि कॅश फोल्डराची नावं शोधा. पत्त्यात टिंबं किंवा त्यांची टक्केवाली सांकेतिक रूपं दिसतात का तेही बघा. विनंती आली म्हणून घाबरू नका. इंटरनेटवरच्या प्रत्येक साइटला असे बॉट रोज दार ठोठावतात. उत्तराचा कोड आणि बाइट बघा. ४०४ (सापडलं नाही) किंवा ४०३ (मनाई) असेल तर त्याला काही मिळालं नाही. २०० (दिलं) असेल आणि बाइट तुमच्या 'पान सापडलं नाही'च्या पानापेक्षा वेगळ्या असतील, तर फाइल गेली. डीबग.लॉगच्या समोर काही एमबी दिसले तर शंकेला जागाच नाही.

इथे एक अडचण आहे. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये पत्ता येतो, विनंतीच्या पोटातला मजकूर येत नाही. एसएनएसवाल्या प्रकरणात कोणती फाइल मागितली ते पोटातच असतं. त्यामुळे लॉगमध्ये फक्त 'एसएनएस.पीएचपी, २००' एवढंच दिसेल. मागितलेली फाइल कोणती, ते दिसणार नाही. अशा वेळी डब्ल्यूपी-कॉन्फिग गेली असंच समजायचं. त्रुटी त्या जातीची होती आणि लॉगच उरलेला नाही, तरीही तसंच समजायचं. बदलायला तास-दीड तास लागतो, न बदलता झोप लागत नाही.

डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये काय काय असतं? डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड. लॉगिनच्या कुकी ज्यांवर बेतलेल्या असतात अशा आठ गुप्त ओळी, त्यांना आपण सॉल्ट म्हणतो. आणि कोणी सोयीसाठी तिथेच घातलेल्या मेल सेवेच्या, पेमेंट गेटवेच्या, बॅकअप साठवणाऱ्या क्लाउडच्या कळा. डेटाबेस बहुतेकदा लोकलहोस्टवरच, म्हणजे त्याच सर्व्हरच्या आतूनच, ऐकतो, म्हणून पासवर्ड मिळाला तरी बाहेरून थेट शिरता येत नाही, हे खरं. पण त्याच होस्टिंगवर अनेकदा डेटाबेस ब्राउझरातून हाताळायचं साधन, पीएचपीमायअ‍ॅडमिन सगळ्यांसाठी उघडं असतं, आणि कित्येकदा तोच पासवर्ड सीपॅनललाही ठेवलेला असतो. माझ्या अनुभवात ही दुसरी गोष्ट जास्त घात करते.

क्रम असा ठेवा: अपडेट तुम्ही केलंच आहे. मग उरलेल्या फाइली पुसा, म्हणजे जुना डीबग.लॉग, जुन्या कॅशचं फोल्डर, आणि डब्ल्यूपी-कॉन्फिगच्या त्या भयंकर प्रती ज्यांच्या नावापुढे कोणीतरी 'बॅक' किंवा 'ओल्ड' जोडलेलं असतं. पीएचपी हे शेपूट गेलं की सर्व्हर तिला साधा मजकूर समजून वाढून देतो. त्यासाठी कुठल्या त्रुटीचीही गरज लागत नाही. आधी उघडी पडलेली जागा बंद करायची आणि मगच कुलपं बदलायची, म्हणून हा क्रम. त्यानंतर डेटाबेसचा पासवर्ड, दोन्हीकडे, म्हणजे डेटाबेसमध्ये आणि डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये. मधली काही सेकंद साइट पडेल, म्हणून रात्री करा. मग सॉल्ट. ते बदलले की सगळ्यांची लॉगिन एका झटक्यात तुटतात, चोराचीही. एरवी वर्डप्रेसची लॉगिन कुकी २ दिवस जगते आणि 'लक्षात ठेवा'वर खूण केली असेल तर १४ दिवस. सॉल्ट बदलताना एक खबरदारी: काही प्लगइन त्यांच्या जोडणीच्या कळा याच सॉल्टने कुलूपबंद करून ठेवतात. सॉल्ट बदलले की त्यांना त्या उघडता येत नाहीत आणि मेल जाणं बंद झालं, आकडेवारी दिसेना, अशा तक्रारी येतात. जोडणी पुन्हा करायची, एवढंच. शेवटी सगळ्या अ‍ॅडमिनचे पासवर्ड आणि त्या बाहेरच्या कळा. अ‍ॅडमिनच्या यादीत अनोळखी नाव आहे का, तेही त्याच बैठकीत बघून घ्या.

दोन उपाय लोक हमखास सुचवतात, त्यांच्याबद्दल. डब्ल्यूपी-कॉन्फिग एक फोल्डर वर हलवा, हा पहिला. वर्डप्रेस ते चालवून घेतं आणि सर्व्हरने चुकून फाइल मजकूर म्हणून वाढली तर त्याचा उपयोग होतो. पण मागेल ती फाइल वाचणाऱ्या त्रुटीपुढे नाही, कारण वाचणारा पीएचपीच आहे आणि पीएचपीला ती फाइल वाचता आलीच पाहिजे, नाहीतर साइटच उठणार नाही. फाइलच्या परवानग्या ४४० करा (मालक आणि त्याच्या गटाला फक्त वाचता येईल अशा), हा दुसरा; त्याचंही तेच. ओपन-बेसडिर ही पीएचपीची मर्यादा लावलंत तर पीएचपीला ठरलेल्या फोल्डराबाहेर जाता येत नाही, सर्व्हरवरच्या इतर गोष्टी बचावतात, पण कॉन्फिग त्या फोल्डराच्या आतच असते. हे सगळं जरूर करा. कळा बदलायचं काम मात्र त्याने टळत नाही.

तिसरा प्रश्न, प्लगइन काढायचं का. दिवसाला शे-दोनशे लोक येत असतील आणि पानं साधी असतील तर तुम्हाला कदाचित त्याची गरजच नाही. बऱ्याच होस्टिंगवर सर्व्हरच्या पातळीवर कॅश असतेच, चौकशी करा. ठेवायचं असेल तर पानांची कॅश ठेवा. डेटाबेस कॅश, ऑब्जेक्ट कॅश फाइलींत लिहिण्याचा पर्याय आणि डीबग बंद करा. काढायचं ठरवलंत तर नुसतं 'निष्क्रिय' करून थांबू नका. निष्क्रिय प्लगइनच्या फाइली डिस्कवर असतात आणि त्यांचा पत्ता ब्राउझरला तसाच उघडतो. 'डिलीट' केल्यावरही डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड-कॅश.पीएचपी, 'कॅश' फोल्डर आणि प्लगइनच्या नावाचं एखादं फोल्डर मागे राहिलंय का ते फाइल मॅनेजर उघडून बघा. मी गेल्या महिन्यात एका साइटवर चार वर्षांपूर्वी काढलेल्या प्लगइनची कॅश पुसली. तिच्यात तेव्हाच्या अ‍ॅडमिनच्या पासवर्डचा हॅश होता, आणि त्यांनी पासवर्ड तेव्हापासून बदललेला नव्हता.